पुस्तकात आहे, सिस्टीममध्ये नाही

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : जुन्या जीपगाड्यांच्या इंजिन बदलाची नोंद

महोदय,

सादर नमस्कार.

२०२४ च्या नोव्हेंबरात मी माझ्या वडिलांची जीप टोइंगच्या गाडीवर लादून मुंबईतल्या एका परिवहन कार्यालयात नेली. नोंदणीची मुदत संपलेली, त्यामुळे ती रस्त्यावर चालवत नेणं मला बरोबर वाटलं नाही. निरीक्षक माझ्या मुलाच्या वयाचे, बोलायला अतिशय सभ्य. त्यांनी चासीच्या नंबरावर पेन्सिल घासली, वर सेलोटेप चिकटवून ट्रेस उचलला. मग बॉनेट उघडून इंजिनाच्या नंबराचा तसाच ट्रेस घेतला. दोन्ही पट्ट्या माझ्या जुन्या आरसी बुकाच्या पानाशेजारी ठेवल्या. आकड्याला आकडा जुळला. मग ते संगणकाकडे वळले आणि थबकले. पडद्यावर दुसराच इंजिन नंबर होता आणि इंधनाच्या रकान्यात पेट्रोल.

"काका, पुस्तकात आहे, पण सिस्टीममध्ये नाही," ते म्हणाले.

त्या पुस्तकातली नोंद नोव्हेंबर १९८६ ची आहे. निळ्या शाईतल्या दोन ओळी : इंजिन बदलले, इंधन डिझेल, नवा नंबर असा असा. खाली सही आणि तिच्यावर गोल शिक्का. शिक्क्याची एक कड पुसट झाली आहे, पण कार्यालयाचं नाव आजही वाचता येतं. ही नोंद तुमच्याच खात्याची आहे. पुढे नोंदी संगणकावर चढल्या तेव्हा माझ्या गाडीची १९६८ ची माहिती चढली आणि १९८६ च्या दोन ओळी मागे राहिल्या. त्या दिवशी संध्याकाळी जीप पुन्हा टोइंगवर चढली आणि भांडुपला परत आली.

हे पत्र मी उघडपणे लिहितोय, कारण अशी कोंडी झालेली माणसं मला गेल्या तीन-चार वर्षांत ठिकठिकाणी भेटली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात पार्ट शोधताना भेटली, ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत भेटली. कुणाकडे आजोबांची जीप, कुणी वन खात्याच्या लिलावात घेतलेली. गाडी जीव लावून उभी केलेली आणि कागदापाशी अडलेली. त्यातल्या बहुतेकांकडे माझ्यासारखी शाईतली नोंदसुद्धा नाही. इंजिन मात्र बदललेलं आहे आणि ते डिझेलचं आहे.

असं का झालं, हे जीपचा इतिहास पाहिला की कळतं. तो थोडा सांगतो, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे.

जीप अमेरिकेची हे खरं, पण आपल्याकडची जीप मुंबईची. स्वातंत्र्याच्या आगेमागे विलीज कंपनीच्या सुट्या भागांच्या पेट्या बंदरात उतरू लागल्या आणि माझगावात जीप जोडल्या जाऊ लागल्या. पुढे हे काम कांदिवलीच्या कारखान्यात गेलं. माझी गाडी सीजे-३बी आहे, महिंद्राने बांधलेली. ही गाडी लांबून ओळखू येते ती तिच्या उंच बॉनेटमुळे. ते बॉनेट उंच का आहे? १९५३ मध्ये विलीजने तिच्यात हरिकेन नावाचं नवं पेट्रोल इंजिन बसवलं, १३४ घनइंचाचं, म्हणजे २१९९ सीसीचं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. या रचनेमुळे इंजिनाची उंची वाढली, आधीच्या मॉडेलच्या बॉनेटखाली ते मावेना, म्हणून बॉनेट आणि ग्रिल दोन्ही वर उचलावं लागलं. म्हणजे ज्या चेहऱ्यामुळे आपण तिला ३बी म्हणतो, तो चेहराच मुळात इंजिन बदलल्यामुळे आला.

विलीजची ३बी अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे ती पुढे अनेक वर्षं बनत राहिली आणि त्या वर्षांत इथल्या उत्पादकानेच जीपची इंजिनं बदलली. आधी इंटरनॅशनल कंपनीच्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन आलं. मग १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी परवान्याचा करार झाला आणि एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आपल्याकडे बनू लागलं. नावातला ४ म्हणजे चार सिलिंडर, ९० म्हणजे ९० मिलिमीटरचं बोअर, सिलिंडरचा आतला व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८३ मिलिमीटर. हिशेब मांडला की बरोबर २११२ सीसी येतात. महिंद्राच्या एमएम ५४० या जीपमध्ये हेच इंजिन होतं. ज्यांच्याकडे पेट्रोलची जुनी जीप होती त्यांनी ते आपल्या गाडीत बसवून घेतलं. त्या काळात डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होतं आणि हरिकेन एका लिटरमध्ये सहा-सात किलोमीटरच्या वर जात नसे. शेतकरी, कंत्राटदार, दूधवाले, ज्यांचं पोट जीपवर होतं त्यांना दुसरा इलाज नव्हता.

आमच्या घरी ते मे १९८६ मध्ये झालं. वडील विजेच्या कामांचे छोटे कंत्राटदार. मुरबाड, जव्हार, मोखाडा या भागात तारा आणि खांबांचं सामान पोचवायचं तर जीपच लागायची. १९८३ मध्ये एका सरकारी खात्याच्या लिलावात त्यांनी ही गाडी घेतली होती. त्या मे महिन्यात माळशेज घाट चढताना पाणी संपलं, इंजिन तापलं आणि ब्लॉकला उभा तडा गेला. ब्लॉक वेल्डिंगने टिकणार नाही, असं तीन मिस्त्रींनी सांगितल्यावर वडिलांनी कर्ज काढून नवं कोरं एक्सडीपी घेतलं. त्याचं पक्कं बिल आजही प्लास्टिकच्या पिशवीत आरसी बुकाबरोबर आहे.

मी तेव्हा एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि गेज बनवणाऱ्या विभागात, शिकाऊ होतो. प्यूजोचं इंजिन आणि जीपचा तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स एकमेकांना थेट बसत नाहीत. मधे जाड पोलादी प्लेट घालावी लागते. क्रँकचं केंद्र आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं केंद्र एका रेषेत यावं लागतं. त्यात केसभर फरक राहिला तरी आधी पायलट बेअरिंग ओरडायला लागतं, मग क्लच धरत नाही, मग शाफ्ट जातो. ती प्लेट मी साहेबांची परवानगी घेऊन एका रविवारी टूलरूममध्ये बोअर केली. डायल गेज लावून फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत सकाळची संध्याकाळ झाली. वडील बाहेर स्टुलावर बसून होते. लालबागच्या गॅरेजमध्ये इंजिन आत गेलं, गिअरबॉक्स सरकवला आणि तो हाताने बसला, हातोडा लावावा लागला नाही. मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मी कारागीर झालो असं मला आजही वाटतं.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला आणि वायपर हलेना. या जीपचा वायपर व्हॅक्युमवर चालायचा आणि तो व्हॅक्युम पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून यायचा. कार्बोरेटरची झडप हवा अडवते म्हणून तो तयार होतो. डिझेलला तशी झडप नाही, ते हवा मोकळी घेतं आणि फक्त इंधन कमी-जास्त करतं. म्हणजे नव्या इंजिनाबरोबर वायपरचा जीवच गेला होता, आणि हे आम्हाला कुणालाच आधी सुचलं नव्हतं. वडील सायनपासून भांडुपपर्यंत एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने वायपर ढकलत आले. दुसऱ्याच दिवशी बारा व्होल्टची मोटर बसवली. किल्ली फिरवून आमचं डिझेल बंद होत नसे, म्हणून डॅशबोर्डखाली ओढायची नॉब घातली. ती आजही तीच आहे, तिच्यावरची काळी गोटी वडिलांच्या अंगठ्याने एका बाजूला झिजली आहे.

आणि मग नोव्हेंबरात पासिंग. तेव्हा १९३९ चा मोटार वाहन कायदा लागू होता आणि त्यातही गाडीत बदल केला तर कळवावं लागे. निरीक्षकांनी बिल पाहिलं, इंजिनाचे माउंटिंग हलवून पाहिले, आवारात गाडी पळवून ब्रेक मारले, मोटरचा वायपर लावून पाहिला, आणि पुस्तकात दोन ओळी लिहिल्या. एका माणसाने गाडी डोळ्यांनी पाहिली आणि जे पाहिलं ते लिहिलं. आज मी जे मागतोय ते एवढंच आहे, आजच्या कायद्याच्या आणि आजच्या हवेच्या चौकटीत.

वडील २००९ मध्ये गेले. जीप त्याच्या आधीच, २००६ पासून, ताडपत्रीखाली उभी होती. २०२१ मध्ये मी ती खोलायला घेतली. फरशीची चाळण झाली होती. पुढच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, हँगरजवळ चासीला बोटभर तडा होता. तो का गेला हेही सांगतो, कारण लपवण्यात अर्थ नाही : डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असतं आणि १९८६ मध्ये आम्ही पुढचे पाटे तेच ठेवले होते. वीस वर्षं ते वजन त्या जागेने सोसलं. आता तिथे तडा पूर्ण उघडून वेल्डिंग केलं, बाहेरून प्लेट जोडली आणि पाट्यांच्या गड्डीत एक पान वाढवलं. ब्रेकचे ड्रम बदलले, सगळ्या नळ्या नव्या घातल्या. इंजिनाचे लायनर-पिस्टन नवे, क्रँक ग्राइंड केला, पंप आणि नोझल कॅलिब्रेट करून घेतले. इंजिन बदल हा सुरक्षेचा प्रश्न आहे आणि तुमच्या खात्याने तो कसून तपासलाच पाहिजे, हे मी त्या तड्याकडे बघून म्हणतोय. तपासणी टाळावी अशी माझी इच्छा कधीच नव्हती. मला तपासणारा माणूस हवा आहे.

त्या नोव्हेंबरात कार्यालयाच्या बाहेर झाडाखाली एक गृहस्थ भेटले. माझे कागद त्यांनी दुरूनच ओळखले. म्हणाले, इंजिनावरचा नंबर ग्राइंडरने घासून टाकू, सिस्टीममध्ये जो पेट्रोलचा जुना नंबर दिसतो तो पंचने पाडू, आठवड्यात काम होईल. आकडाही सांगितला. महोदय, मी पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काम केलं. डायवर, गेजवर, फिक्स्चरवर पंचने नंबर पाडणं हे माझं रोजचं काम होतं. तो नंबर खोटा असेल तर पुढच्या माणसाचा हात जाऊ शकतो, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ज्या इंजिनाचं पक्कं बिल आहे, ज्याचा नंबर सरकारी शाईत लिहिलेला आहे, त्याच्यावर मी खोटा नंबर पाडू? मी नमस्कार करून निघालो.

पण मला ठाऊक आहे की सगळे निघून येत नाहीत. आणि तिथे तुमच्या खात्याचंच नुकसान होतं. जो माणूस खरं सांगायला आला, त्याच्यासाठी अर्जाचा रकाना नाही. जो खोटा नंबर पाडून आला, त्याची गाडी पडद्याशी जुळते आणि पास होते. एकदा नंबर घासला की ते इंजिन चोरीच्या गाडीतलं होतं की बिलाचं, हे पोलिसांनाही शोधता येत नाही. आज मुंबईत उंच बॉनेटच्या किती जीप कागदावर पेट्रोलच्या आणि रस्त्यावर डिझेलच्या आहेत, हे तुमच्या कोणत्याही नोंदीतून कळणार नाही. त्यांच्या धुराची तपासणी तरी योग्य यंत्राने कशी होणार?

कायदा काय म्हणतो ते मी माझ्या कुवतीप्रमाणे वाचलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ही मनाई आणखी स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. हे सगळं मला मान्य आहे. बाजारात काय काय बदल करून गाड्या फिरतात ते मी पाहतो आणि ही मनाई का हवी तेही मला कळतं. पण त्याच कलम ५२ मध्ये इंजिन बदलल्यास १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून प्रमाणपत्रात नोंद करून घेण्याची तरतूद आहे. सीएनजी, एलपीजी आणि बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मंजूर किट बसवण्याची वाटही कायद्याने ठेवली आहे. म्हणजे इंजिनाला हातच लावायचा नाही, असं कायदा म्हणत नाही. विचारून, तपासून, नोंदवून लावा, असं म्हणतो.

माझ्या गाडीपुरतं तर आणखी सोपं आहे. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला तेव्हा त्याच्या कलम २१७ ने जुन्या कायद्याखालची नोंदणी प्रमाणपत्रं त्याच अटींवर, त्यांच्या मुदतीपर्यंत चालू ठेवली. माझ्या आरसी बुकातल्या त्या दोन ओळी अशा प्रमाणपत्राचा भाग आहेत. त्या कुणी रद्द केल्या नाहीत. त्या फक्त टाइप व्हायच्या राहिल्या.

मला एका कार्यालयात सुचवण्यात आलं की गाडी व्हिंटेजमध्ये घाला. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने त्याचे नियम केले : पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, नंबरात व्हीए ही अक्षरं, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि रोजच्या वापराला बंदी. ५० वर्षं माझ्या जीपला २०१८ मध्येच झाली. रोज चालवायची माझीही इच्छा नाही. पैसे भरायची तयारी आहे. पण त्या नियमात गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको अशी अट आहे, आणि तिथे दार बंद होतं. मग कुणीतरी म्हणतं, कुठून तरी एक हरिकेन आणा आणि बसवा. आणलं, तरी त्याचा नंबर माझ्या गाडीच्या १९६८ च्या नंबराशी जुळणार नाही, कारण ते इंजिन माळशेजमध्ये फुटलं. दुसऱ्या एखाद्या जीपच्या पोटातलं इंजिन काढून माझ्या गाडीत घालायचं आणि त्याला मूळ रूप म्हणायचं, हे मला पटत नाही. या गाडीने हरिकेनवर १८ वर्षं काढली आणि प्यूजोवर २० वर्षं चालली. मुरबाडच्या ज्या वाड्यांवर वडिलांनी वीज नेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त या डिझेलने नेल्या. हे डिझेल तिच्या आयुष्याचा भाग आहे.

आता हवेबद्दल, कारण त्याशिवाय हे पत्र अपुरं राहील. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या हवेच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, असा प्रश्न विचारला आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. मी त्या प्रश्नाच्या विरोधात नाही. भांडुपला आमच्या इमारतीच्या गच्चीवरून हिवाळ्यात पूर्वी येऊरचे डोंगर दिसायचे, आता कित्येक सकाळी दिसत नाहीत. माझ्या नातीला नोव्हेंबर ते जानेवारी खोकला सुटत नाही. डिझेलची काजळी फुप्फुसात किती खोल जाते हे मला तिच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं आहे. जुनं डिझेल नव्यासारखं स्वच्छ होईल, असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण काजळी का होते हे इंजिनावर हात काळे केलेल्या माणसाला ठाऊक असतं. नोझल थेंब टाकतं, पंप जास्त इंधन ढकलतो, एअर फिल्टर चोंदतो, मग इंधन पुरतं जळत नाही आणि धूर काळा येतो. निळा धूर आला तर रिंग गेल्या, ऑइल जळतंय. या तिन्ही-चारही गोष्टी दुरुस्त करता येतात आणि मोजताही येतात. बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या डिझेल गाड्यांना पीयूसीमध्ये धुराच्या दाटपणाची प्रति मीटर २.४५ ही मर्यादा आहे. बीएस-४ गाड्यांना १.६२. पंप आणि नोझल झाल्यावर मी धूर मोजायचं यंत्र असलेल्या एका वर्कशॉपमध्ये जीप नेली. सळई सायलेन्सरमध्ये घातली, ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा तळापर्यंत दाबला. आकडा १.५८ आला. मी डोळे मिटून पुन्हा मोजायला सांगितलं, तेव्हा १.५५. हे इंजिन ३८ वर्षांचं आहे. तुम्ही अशा गाड्यांना बीएस-४ गाडीइतकी कडक मर्यादा घाला, मी आनंदाने पाळेन. जी जीप पाळू शकत नाही तिने रस्त्यावर येऊ नये, हे मी माझ्या जीपबद्दलही म्हणतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे. ज्यांच्या जुन्या आरसी बुकात किंवा कार्यालयाच्या जुन्या रजिस्टरात इंजिन बदलाची सही-शिक्क्याची नोंद आहे, त्यांची बॅकलॉग एन्ट्री करून, म्हणजे मागे राहिलेली जुनी नोंद संगणकावर चढवून द्यावी, असं एक परिपत्रक आपण राज्यातल्या सगळ्या कार्यालयांना पाठवावं. प्रत्यक्ष तपासणी करावी, बिल मागावं, ट्रेस घ्यावा, हवं तर चोरीच्या गाड्यांच्या यादीत इंजिन नंबर तपासावा. हे आपल्या अधिकारात बसतं असं मला वाटतं आणि ते लगेच होण्यासारखं आहे. त्या सभ्य निरीक्षकांनाही तेच हवं होतं. त्यांनी मला सांगितलं, वरून एक ओळ आली तर मी आजच करतो.

ज्यांच्याकडे नोंदच नाही, त्यांचं काम अवघड आहे आणि ते सरसकट मान्य करा असं मी म्हणणार नाही. पण १९८९ च्या आधीच्या जीपमध्ये त्याच उत्पादकाने आपल्या जीपमध्ये बसवलेलं इंजिन असेल, तर त्या मालकाला येऊन खरं सांगता यावं, असा एक ठरावीक मुदतीचा काळ जाहीर करता येईल का, ते पाहावं. माटुंग्याला व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, पुण्याला १९६६ पासून एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था आहे. इंजिन माउंटिंग, चासी, ब्रेक, पाटे हे सगळं पाहून लेखी अहवाल देणारी माणसं या राज्यात आहेत. त्यांच्या शुल्काचा भार मालकानेच उचलावा. अशा गाडीला मुंबईत रोज फिरायला परवानगी नसावी. वर्षाला ठरावीक किलोमीटर, दर सहा महिन्यांनी धुराचं मोजमाप, मीटरला सील, या अटी घाला. जो मालक खरोखर गाडीवर जीव लावतो तो या अटी मान्य करेल, आणि जो करणार नाही त्याला परवानगी देऊ नये. व्हिंटेजच्या नियमात बदल करणं केंद्राच्या हातात आहे, पण राज्याकडून शिफारस गेली तर तिला वजन असतं. ज्या गाडीचं इंजिन ५० वर्षांच्या आत, जुन्या कायद्याखाली, सरकारी नोंदीने बदललं गेलं, तिला मूळ रूपातली मानावं, एवढं एक स्पष्टीकरण मागावं.

हे होईपर्यंत मी नंबर घासणार नाही आणि नोंदणीशिवाय जीप रस्त्यावर आणणार नाही. थकलेला पर्यावरण कर, नूतनीकरणाचं शुल्क, उशिराचा दंड, जे निघेल ते भरायला मी पैसे बाजूला ठेवले आहेत.

जीप भांडुपला आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, जांभळाच्या झाडाखाली ताडपत्री घालून उभी आहे. बॅटरी दर रविवारी चार्ज करतो. इंजिनाच्या नंबरावर गंज धरू नये म्हणून ग्रीसचा पातळ थर लावलेला आहे. आपले निरीक्षक कधीही आले तर तो पुसायला कापड डॅशबोर्डच्या खणात आहे, आणि त्याच्याच शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत आरसी बुक आणि १९८६ चं बिल.

आपला नम्र,
भांडुपचा एक निवृत्त टूलमेकर